दादाच्या मशीनमधली खरखर

पुतणीच्या हळदीला दादाच्या बँजो पार्टीत गिटार वाजवायची, असे मी ठरवले तेव्हा हळद सहा महिन्यांवर होती आणि दादाचा होकार मिळालेला नव्हता. दादा तारापूरकडच्या किनाऱ्यावर, आमच्या मूळ घरी राहतो. बोट सांभाळतो आणि लग्नसराईत पार्टी चालवतो. बटणे दाबून वाजवायचा तारांचा बँजो त्याच्या हातात, मागे की-बोर्ड आणि ढोल. मी शिकलो, बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो, सरावलीत घर केले. तेव्हापासून गावच्या प्रत्येक कार्यात मला पाहुण्यासारखे बसवतात. पार्टीतले लोक घामाने भिजून वाजवत असतात आणि माझ्या हातात सरबताचा पेला असतो. पन्नाशी जवळ आली तशी मला ती गोष्ट स्वस्थ बसू देईना.

दादाने बरेच दिवस हसण्यावारी नेले. मग एका रविवारी जाळे शिवता शिवता, वर न पाहता म्हणाला, "वाजव, मास्तर. पन लोकांचे पाय थांबले, तर मी तुला परत बोलावनार नाय."

गिटार मी सालवडला राहणाऱ्या, कारखान्यातल्या एका ऑपरेटरकडून शिकत होतो. पहिली पाळी संपवून तो येई आणि मला 'सर' म्हणत माझ्या चुका दाखवी. त्यानेच मला पायाने दाबायचे तीन डबे वापरायला दिले आणि पहिल्याच दिवशी बजावले, "सर, गेन को वॉल्यूम मत समझिए।" मी ते वहीत लिहून घेतले. समजले मात्र नव्हते.

नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. आवाज किती मोठा, हे व्हॉल्यूम ठरवतो. तारेचा क्षीण संकेत, म्हणजे सिग्नल, पुढच्या यंत्रात किती जोराने ढकलायचा, हे गेन ठरवतो. यंत्राला पेलवेल तेवढेच ढकलले तर स्वर फक्त मोठा होतो. त्याहून जास्त ढकलले तर आवाजाच्या लाटेचा माथा यंत्रात मावत नाही आणि कापला जातो. हे कापणे म्हणजेच ती खरखर. मी फळ्यावर खडूने लाटा काढून पाहिल्या. तीन डबे तीन तऱ्हांनी कापतात. ओव्हरड्राइव्हमध्ये माथा हलकेच दबतो. तार हळू छेडली तर स्वर स्वच्छ राहतो, जोरात छेडली तरच फाटतो. डिस्टॉर्शनमध्ये माथा सरळ छाटला जातो. हात हलका असो वा जड, फारसा फरक पडत नाही. फझमध्ये लाटेची जवळजवळ भिंतच होते. एकेरी स्वराला ती शोभते, पण चार-पाच तारा एकदम छेडल्या की सगळ्यांचा चिखल होतो.

इतके कळल्यावर शांत व्हायला हवे होते. उलट माझा पाय थांबेना. शिक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासताना टेबलाखाली तो डब्याचा नसलेला खटका दाबत राही. शेजारच्या बाईंनी दोनदा विचारले, बरे वाटत नाही का. घरी छोट्या स्पीकरवर मी प्रत्येक गाण्यासाठी बटणांच्या जागा ठरवल्या, कागदाच्या पट्ट्यांवर आकडे लिहून त्या डब्यांवर चिकटवल्या. प्रयोगशाळेत करतो तसेच.

हळदीच्या दिवशी चार वाजताच मी अंगणातल्या मांडवात पोहोचलो. दादाच्या मशीनला, म्हणजे जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला, माइकसाठी दोन खाचा होत्या. एकीत बँजो, दुसरीत मी. पुतणीला हळद लागली, बायका फेर धरून नाचू लागल्या. दुसऱ्या गाण्याला मी डिस्टॉर्शनचा खटका दाबला.

मांडवाच्या खांबाला बांधलेल्या भोंग्यातून जे निघाले त्यात ना सूर होता ना ताल. एक लांब गुरगुर, तिच्यावर शिट्टी. बँजोही त्यात बुडाला. फेर अडखळला. एक मावशी कानावर हात ठेवून म्हणाली, "मास्तरचा मिक्सर बिगाडला वाटतं," आणि बायका हसल्या. पुतणी हसली नाही. ती दादाकडे पाहत होती. मी पट्टीवरचे आकडे तपासले. सगळे बरोबर होते, म्हणून मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचू लागलो.

दादाने वाजवणे थांबवले नाही. दोन पावले सरकून माझ्या कानाशी म्हणाला, "डबे बंद कर. नुसती वायर लाव. मशीनला करू दे."

मी तिन्ही डबे काढले, वायर सरळ मशीनला जोडली आणि एकच सूर छेडला. तो कडांनी फाटलेला, भरलेला बाहेर आला, अगदी ओव्हरड्राइव्हसारखा. माइकची खाच फार नाजूक संकेतासाठी असते. तिला तारेचाच जोर जास्त होतो. म्हणजे दादाचे मशीन इतकी वर्षे लाटांचे माथे दाबतच होते. लहानपणापासून बँजोचा म्हणून ओळखलेला तो खरखरीत आवाज बँजोचा एकट्याचा नव्हताच. आधीच कापलेल्या लाटेवर मी पुन्हा कात्री चालवत होतो.

मग मी गिटारवरचा व्हॉल्यूम निम्मा केला. स्वर निवळला. हात जड केला की फाटे, हलका केला की निवळे. फेर पुन्हा जुळला. तासभर मी फक्त तालापुरत्या तारा छेडल्या. पाय अजून खटका शोधत होता. मी पाय जमिनीवर दाबून धरला.

जेवणाच्या पंगती बसल्यावर दादा डब्यांजवळ उकिडवा बसला आणि यातून होते काय ते विचारू लागला. मी वाळूत बोटाने लाटा काढल्या, माथे पुसून दाखवले. त्याने एक माथा स्वतःच्या बोटाने पुसून पाहिला.

"म्हंजे माजी मशीन बिगाडलेली नाय," तो म्हणाला. "मना लोक सांगतात, नवीन घे."

मी म्हणालो, घेऊ नकोस.

त्याने डिस्टॉर्शनचा डबा माझ्याकडे सरकवला, ओव्हरड्राइव्हचा मात्र उचलून उलटसुलट पाहिला. "रविवारी सरावाला हा एकच आन. आकडे काढून टाक." किती वाजता, हे मी विचारेपर्यंत तो भोंग्याची दोरी सोडायला निघून गेला होता.