उरलेला अर्धा पिक्चर

भूतबीत मी मानत नाही. गावी कुणाच्या अंगात आलं की मी उठून घरी जायचो. चौथी शिकलेला माणूस मी, चाळीस वर्षं ब्रेडच्या फॅक्टरीत काढली, रचून सांगायची अक्कल नाही मला. झालं तसं लिहितोय... शुद्धलेखनाचं सोडून द्या.

लंडनच्या हॅरोमधलं आमचं घर, समोरची खोली. मार्चमधला बुधवार, दुपारचे अडीच, उजेड लख्ख. माझी बायको सुशीला जाऊन सात आठवडे झाले होते.

मला इंग्रजी बोलता येतं, वाचता येत नाही. पत्रं सगळी तीच वाचायची. ती गेल्यावर हॉस्पिटलचं एक पत्र मी पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून दिलं — डोळ्याची अपॉइंटमेंट हुकली. झालं! रीडिंग गावाहून मुलाचा फोन. महेश इथेच जन्मलेला, त्याचं मराठी तसलंच.

"बाबा, तुम्ही एकटा कसा राहणार? उद्या गॅसचा लेटर पण फेकणार! रविवारी एजंट येतो, घर विकायला फोटो काढतो. मग तुम्ही आमच्याकडे."

मला घर सोडायचं नव्हतं. पण हो म्हणून टाकलं. भांडायला जोर नव्हता, आठवडाभर चहा-बिस्किटांवर होतो.

त्या बुधवारी सामान आवरताना मशीनमध्ये डीव्हीडी दिसली. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेली, ज्यू लोकांची. जर्मन सैनिक गावंच्या गावं मारतायत आणि हे लोक जंगलात खड्डे खणून राहतात, बंदुका मिळवून लढतात. भाषा त्यांची, खाली इंग्रजी अक्षरं. असले पिक्चर बघायची आमची पद्धत होती — टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. सुशीला माझ्या उजवीकडे लसूण सोलत बसायची आणि खालचं वाचून मराठीत सांगायची. हा अर्धा झाला आणि तिला अॅम्ब्युलन्सने नेलं. पुढचा तिनेही बघितलेला नव्हता.

मी तिथून पुढे लावला. आवाज बंदच, सवयीने. बर्फ, झाडं, एक बाई झाडाला टेकून बसलेली. तिचे ओठ हलले... आणि माझ्या उजवीकडून सुशीलेचा आवाज आला.

"ती म्हणतेय, लग्नातले बूट घरामागे नासपतीच्या झाडाखाली पुरून ठेवलेत."

मी मान वळवली नाही. वळलो आणि ती बोलायची थांबली तर? शेवटपर्यंत सांगत होती. सैनिक जवळ आले, सगळ्यांना दलदलीतून चालत जायचं होतं. एक म्हातारा म्हणाला, मी इथेच बसतो. त्या बाईने त्याची कॉलर धरली.

"म्हणतेय, उठा," सुशीला म्हणाली. मग तिच्या नेहमीच्या तिरसट सुरात — "बसायला मेल्यावर वेळच वेळ आहे."

पिक्चर संपला. मी रडलो नाही. उठून दोन भाकऱ्या थापल्या आणि खाल्ल्या.

रविवारी महेश आला, एजंटच्या तासभर आधी. त्याला सगळं सांगितलं.

"बाबा, तुम्ही चित्र बघून गेस केला."

"बुटांचं चित्र कुठंय त्यात? दाखव मला."

त्याने लावला. मी आधी सांगायचो, तो खालचं वाचायचा. बूट जुळले. नासपती जुळली. पोरगा पांढराफटक. म्हाताऱ्यापाशी आलो तेव्हा म्हणाला, "इथे फक्त 'उठा' लिहिलंय. नंतरचा काहीच नाही."

"ते माझ्यासाठी होतं," मी म्हटलं. "एजंटला फोन कर. येऊ नको म्हणावं."

"पण बाबा, लेटर?"

"शिकेन."

"ह्या वयात?"

"मग कुठल्या?"

त्याने फोन केला.

त्यानंतर मी तो पिक्चर तीनदा लावला. नुसती अक्षरं सरकतात, खोलीत कुणी बोलत नाही. त्या दुपारी काय झालं ते मला कळलेलं नाही. महेश इंजिनिअर आहे, त्यालाही नाही. मंगळवारी आणि गुरुवारी मी लायब्ररीतल्या वर्गाला जातो. टीचर माझ्या नातीएवढी. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, इतकी वर्षं चाललं, मग आत्ताच का?

म्हटलं, वाचून दाखवणारं माणूस गेलं.