वाकडी लवकी

मला वाकडं काही खपत नाही. फळ्यावरची ओळ, पोरींचा भांग, टेबलावरचं कापड, सगळं सरळ लागतं. शाळेत आयुष्यभर लाल पेन चालवला आणि घरी आल्यावरही तो खाली ठेवला नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पुसदच्या आमच्या चर्चच्या मंडळीत कापणीच्या सणाला प्रत्येक घरातून पहिलं फळ देवापुढे ठेवतात. शेती असलेले कापूस, सोयाबीन आणतात. आम्हा नोकरदारांची धाव परसातल्या वांग्या-टमाट्यांपर्यंत. मुलगी नऊ वर्षांची होती, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला लवकीच्या, म्हणजे दुधीच्या, तीन बिया दिल्या. एकच उगवली. तिने त्या वेलाचं इतकं केलं की शाळेतून आल्यावर दप्तर पाठीवर तसंच ठेवून आधी परसात जायची. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेतही वेलाला घ्यायची. "देवा, माझ्या लवकीले उंदरापासून वाचव." मी तिला तिथेच थांबवायची. देवाशी असं बोलतात होय? मग मी वहीत नीटस प्रार्थना लिहून दिली आणि पाठ करून घेतली.

काकू कुंपणावरून सांगत होत्या, "बाई, त्या येलाले मांडव द्या ना. भुईवर लोयली त लवकी वाकडीच होते."

मी म्हटलं, बघू. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते. पोरीच्या खेळासाठी बांबू कोण आणणार?

लवकी एकच धरली, आणि काकू म्हणाल्या तशीच वाकडी झाली. एका बाजूने पांढरी, पोटाला माती लागलेली. सणाच्या सकाळी मुलीने ती पुसून, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवली. ती वेणीला रिबीन शोधायला आत गेली, तेवढ्यात मी ती उचलून स्वयंपाकघरात ठेवली आणि आदल्या दिवशी बाजारातून आणलेली हिरवीगार, सरळसोट लवकी टोपलीत घातली. आपलं ठेवावं झाकून म्हणतात, ते मी देवाच्या दारातही पाळलं.

चर्चच्या पायरीवर तिने फडकं उघडून पाहिलं. "आई, ही माझी नाही."

"गप चाल. देवाला चांगलंच द्यायचं असतं."

ती गेली. टोपली ठेवली, पाळकसाहेबांनी कौतुक केलं, मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणाले. मंडळी हसली. मला अभिमान वाटला, हे लिहिताना आज लाज वाटते.

पुढे तिने वेलाकडे पाहिलं नाही. तो वाळला. माझ्या वहीतल्या प्रार्थना मात्र ती एकही शब्द न चुकता म्हणायची आणि मला वाटायचं, पोर वळणावर आली. प्रभूच्या दृष्टांतातला माळी फांद्या छाटतो, एवढंच माझ्या ध्यानात राहिलं होतं. मी कात्री घेतली. मांडवाचं काम देवावर सोडलं.

आता ती पुण्यात असते. चर्चला जात नाही. दर रविवारी न चुकता फोन करते, औषधं घेतली का विचारते, तिकडच्या पावसाचं सांगते. मनातलं काही सांगत नाही. तिच्या आयुष्यात काय चाललंय हे मला शेजाऱ्याइतकंच कळतं. तिने एकदा रडावं, भांडावं, काही तरी बोलावं, एवढंच मी मागते.

हल्ली परसात मीच लवकी लावते, तिला मांडवही घालते. यंदा गुडघेदुखीमुळे तो झाला नाही. माझी लवकी भुईवरच वाढली आणि वाकडी झाली. सणाला मी ती तशीच नेली. रविवारी फोनवर सांगितलं, "या वर्षी वाकडीच ठेवली गं देवापुढे. तुझी आठवण आली."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, "माझीवाली कुठी गेलती, आई?"

इतक्या वर्षांत तिने हे कधीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "त्याच दुपारी भाजी केली होती. तू ताटात तशीच टाकलीस, तर अन्नाचा माज आला म्हणून मी तुला रागावले होते. चुकलं माझं, बाळा."

"बी ठेवलं होतं का गं तिचं? बाल्कनीत लावलं असतं."

मी नाही म्हणाले. कोवळी होती ती. बी धरायच्या आतच मी चिरली होती.