थोडंसं गोड

जेवणाचा शेवटचा घास गिळला की निर्मलामामी पायात चपला सरकवायच्या. पाहुणे बसलेले असोत, जावई आलेला असो. "तुम्ही बोला निवांत, मी आलेच," म्हणत सूरसागर तळ्याच्या बाजूला चालायला निघायच्या. दांडिया बाजारात आमची दारं समोरासमोर. पुष्कळदा मीही सोबत जायची.

मामींना मधुमेह निघाला तो मामा गेल्यावर काही वर्षांनी. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरच बदलून टाकलं. चहातली साखर गेली, डाळीतला गूळ गेला. आधी काकडी-टोमॅटो, मग उसळ, भाजी नि बाजरीची एक भाकरी. "भात ताटात पाहुण्यासारखा यावा गं, घरजावयासारखा नाही," म्हणायच्या. सणाला शेजारच्या गुजराती बायका मोहनथाळ घेऊन यायच्या. "मामी, थोडुंक तो लो!" मामी हात जोडायच्या. "नको बेन. या थोडुंकनंच माझं घर बुडवलं."

मामांना साखर होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं, मामींनी दोन-चार दिवस केलंही. पण ताटात गोड नसलं की मामा अर्ध्यावरून उठायचे. मग मामी श्रीखंडाची वाटी पुढे करायच्या. रविवारी फाफड्याबरोबर जलेबी यायचीच. "एवढ्याशानं काय होतंय?" हे तेव्हाचं त्यांचं वाक्य. पुढे मामांच्या पायाला जखम झाली, ती भरेना. आधी अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय. त्यानंतर मामा फार दिवस राहिले नाहीत.

मामींच्या पथ्याला वर्ष झालं तेव्हा रिपोर्ट दाखवायला मी बरोबर गेले होते. डॉक्टर खूश झाले, एक गोळी कमी केली. "मामी, तुमचं उदाहरण मी सगळ्यांना सांगणार," म्हणाले. बाहेर आल्यावर मामी दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसून रडायला लागल्या. मला वाटलं, आनंदानं.

"माझ्यासाठी जमलं बघ, वैशू. त्यांच्यासाठी का नाही जमलं?"

"तेव्हा तुम्हाला कुठं एवढं ठाऊक होतं, मामी?"

"सगळं ठाऊक होतं. त्यांचं पडलेलं तोंड मला बघवत नव्हतं, एवढंच."

"मामा काय लहान होते? तेच मागायचे ना?"

"मागायचे ते. वाटी कोण भरायचं?"

मी हात देऊन त्यांना उठवलं. पुढेही रिपोर्ट चांगले येत राहिले. दर वेळी मामी रिपोर्ट बघायच्या आणि घडी घालून मामांच्या फोटोमागे ठेवायच्या.

त्या गेल्या त्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. आमच्या ह्यांचीही साखर वाढलेली निघाली होती. दुपारी भाकरी-उसळ बघून ह्यांनी ताट सरकवलं आणि गॅलरीत जाऊन बसले. फ्रिजमधून बासुंदी काढून मी वाटीत ओतत होते, तेवढ्यात मामी मेथीची जुडी द्यायला आत आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"रुसू दे गं," त्या म्हणाल्या. "रुसलेला माणूस संध्याकाळी पुन्हा पानावर बसतो."

संध्याकाळी हे बसले. तोंड पाडूनच. मी खाली बघत भाकरी वाढली.