इवायांची एकच मागणी

हुंडा मागणारे व्याही जगात उदंड झाले. पण मुलीच्या बापाकडे त्याच्या मांड्यांतली ताकद मागणारा व्याही उभ्या मराठवाड्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि इवाई म्हटलं की मुलीच्या बापानं आधी मान डोलवायची, मग काय बोलणं झालं ते विचारायचं. आमच्या इवायांचं आखाडा बाळापूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. वय साठीपुढचं, अंगानं काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी. पाहणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ फार तर सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलेल. तसा भ्रम मलाही झाला होता.

तो फिटला सुपारी फोडायच्या दिवशी. सेनगावला आमच्या घरी सतरंजीवर दोन्हीकडची मंडळी बसली होती. देण्याघेण्याची गोष्ट निघाली तसा माझ्या मेहुण्यानं घसा साफ केला आणि बायको दाराआड येऊन उभी राहिली. इवाई म्हणाले, "आमाला काई नको. भांडं नको, गाडी नको. मागणी एकच हाए." त्यांनी मांडीवर थाप मारली. "पोरीच्या बापानं जमिनीला हात न टेकता उठून दाखवावं."

मी सरकारी कचेरीत जन्मभर खुर्चीवर बसून लोकांना उभं ठेवायचं काम केलेलं. स्वतः उभं राहण्याचा सराव असायचं कारणच नव्हतं. तरी पोरीच्या संसाराचा प्रश्न होता, म्हणून जोर केला. पुढं झुकलो, मागं कललो, एकदा तर आडवाच झालो. शेवटी एका बगलेत मेहुणा आणि दुसऱ्या बगलेत होणारा जावई, असा मी उभा राहिलो. सासरा-जावयाची पहिली जवळीक ती. इवाई हसले नाहीत. म्हणाले, "लग्नापर्यंत मुदत देतो. रोज हात छातीला लावून खुर्चीवरून उठा-बसा करा. पोरगी आमी नेऊन राहिलो, पन बाप बसला तो बसलाच ऱ्हायला, तर तिचं ध्यान सासरी कसं लागावं?" सुपारी फुटली. माझी अब्रू तिच्याआधीच फुटलेली होती.

इवायांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावतं, आणि ते वाक्य त्यांनी बाळापूरच्या बाजारात सर्वांना ऐकवलेलं आहे: "पाय चालतात तवर मानूस पाव्हणा, पाय गेले का सामान. मंग कुनी उचलावं आन कुठं ठिवावं, एवढंच लोक बोलतात." चाळिशी ओलांडली की अंगातलं मांस न सांगता निघून जातं, त्याला रोज ओझं दाखवलं तरच ते थांबतं, हाडाचंही तसंच आणि रक्तातल्या साखरेला धाक बसतो तोही त्याच मांसाचा, हे ते बियाण्याच्या पिशवीबरोबर फुकट देतात. मी एकदा म्हणालो, "मी रोज फिरायला जातो की." तर म्हणाले, "फिरनं चांगलंच हाए. पन ती झाली हजेरी. ओझं उचलनं म्हंजे काम." हजेरी आणि काम यांतला फरक कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला कोण सांगतंय! दुकानात तर खताचं पोतं उचलताना गिऱ्हाईक कमरेतून वाकलं की हे गल्ला सोडून धावतात. "कमर न्हाई, मांड्या वाकवा!" दिवसभर रानात राबून आलेला एक शेतकरी एकदा शांतपणे म्हणाला, "मालक, खत द्या. अक्कल घरी हाए." इवायांनी खत दिलं, आणि पोतं कसं धरायचं तेही दाखवलंच.

घरात जिमचं सामान म्हणाल तर वाळू भरलेल्या खताच्या गोण्या, जात्याची फुटकी तळी आणि पाण्याचे डबे. सकाळी हरभऱ्याची उसळ, उकडलेली अंडी आणि उपदेश. इहीनबाईंनाही, म्हणजे स्वतःच्या बायकोलाही, त्यांनी भिंतीला हात लावून जोर काढायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी जन्मभर पान्याच्या कळश्या वाहिल्या, तवा कुनी टाळी वाजवली न्हाई." दुसऱ्या कुणा नवऱ्यानं यावर हात जोडले असते. हे म्हणाले, "एकाच कमरेवर वाहिल्या. दुसरी कमर उपाशी ऱ्हायली."

डोंगरकड्याला आम्ही एका घरी सांत्वनाला गेलो होतो. सारे मान खाली घालून बसलेले, आणि इवायांची नजर मात्र उठणाऱ्यांच्या हातांवर, कोण टेकतंय आणि कोण नाही. परतताना जीपमध्ये त्यांनी, आता पुढं कुणाच्या घरी बसायला जावं लागेल, त्याचा अंदाज सांगितला. त्यात माझंही नाव होतं. माझ्याच शेजारी बसून, पान खात सांगितलं.

लग्नात त्यांनी खुर्च्या आणि बुफे दोन्ही रद्द केले. व्याहीभेटीला सगळे इवाई गळ्यात पडतात; यांनी मला सरळ उचललं, जोखलं आणि खाली ठेवून म्हणाले, "वजन भरपूर हाए, पन कामाचं कमी." मग पंगत बसली आणि माझी परीक्षा आली. वऱ्हाड हात धुवायचं सोडून माझ्याकडे बघत होतं. मी उठलो, अगदी हात छातीला लावून उठलो. शेवटच्या क्षणी तोल गेला आणि उजवा हात शेजाऱ्याच्या पत्रावळीवरच्या वरणात टेकला. कुणीतरी ओरडलं, "टेकला, टेकला!" इवायांनी जवळ येऊन पाहणी केली आणि जाहीर केलं, "वरन म्हंजे जमीन न्हाई. पास!"

पास झालो म्हणजे सुटलो, असं मला वाटलं होतं. पण रोज सकाळी चहाच्या आधी त्यांचा व्हिडिओ कॉल येऊ लागला. "फोन खाली धरा. तोंड नका दाखवू, गुडघे दाखवा." मुलीचा बाप नाही म्हणू शकत नाही, म्हणून मी बैठका मारत राहिलो. सगळ्यात मोठी तकलीफ अशी की त्याचा फायदा होऊ लागला. एसटीच्या पहिल्या पायरीशी माझं जुनं वैर होतं, ते मिटलं. गुडघे कुरकुरायचे थांबले. साखर उतरली, डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आणि कारण विचारलं, तेव्हा मी मेथीचं पाणी पितो म्हणून सांगितलं. श्रेय कुणाला द्यायचं, एवढं तरी आपल्या हातात असावं.

मग एका बाजाराच्या दिवशी बाळापुरात कुणाची तरी मोटारसायकल मागून येऊन इवायांना धडकली आणि मांडीचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. हाडं टणक आणि मांड्या कसलेल्या, म्हणून ते लवकर उभे राहिले. काठी घेऊन चालूही लागले. पण सकाळचा कॉल बंद झाला. मी सवयीनं फोन समोर ठेवून बैठका मारत होतो, आणि फोन काही वाजत नव्हता. भेटायला गेलो तर इवाई दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेले. ज्या वस्तूला त्यांनी जन्मभर शिव्या घातल्या, तिच्यावर. मी वाटेत चार टोमणे तयार केले होते. ते म्हणाले, "झालो बगा सामान," आणि ते चारही टोमणे मी खिशातच ठेवले. "खाली काहून बसत न्हाई?" मी विचारलं. "डाक्टरची परवानगी न्हाई." आत गेलो तेव्हा इहीनबाई हळूच म्हणाल्या, "परवानगी कवाच दिली. रोज खाली बसा म्हून सांगून राहिले डाक्टर. हेच भेऊन राहिले. खाली बसलो आन उठता न्हाई आलं तर, म्हन्तात." मला त्या दिवशी खरोखर वाईट वाटलं. साऱ्या तालुक्याला जमिनीवरून उठवणारा माणूस जमिनीलाच भ्यायला होता.

नातीचं बारसं आमच्या घरी सेनगावला झालं. इवायांसाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवली, आणि ते मुकाट तिच्यावर बसले. मानपान कसा करायचा, अशी चर्चा चालली होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "या वेळी मागणी आमची हाए. एकच हाए. पोरीच्या आज्यानं खाली बसावं आन लेकरू मांडीवर घ्यावं." इवाई माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच ती मोटारसायकल चालवत होतो. मग त्यांनी काठी बाजूला ठेवली. मी समोरून दोन्ही हात धरले, आणि ते इंचाइंचानं सतरंजीवर उतरले. मुलीनं लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं. पंगत त्यांच्या भोवतीच बसली, जेवली, उठली. लेकरू झोपलं, पाहुणे पांगले, तरी इवाई बसलेलेच. शेजारी मी.

"इवाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, "आता कसं?"

"काई घाई न्हाई," मी म्हणालो.

थोड्या वेळानं मुलगी येऊन लेकराला घेऊन गेली. इवायांनी मोडलेला पाय सरळ केला, चांगला पाय दुमडला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दात आवळून उठले. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला, आणि मी बसल्या जागी हललो नाही. उभं राहिल्यावर त्यांचा चेहरा मात्र पडला. "हात टेकला," ते म्हणाले.

"खांदा म्हंजे जमीन न्हाई," मी म्हणालो. "पास."

इवाई हसले आणि टोपी नीट करायच्या निमित्तानं त्यांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी फोन वाजला. त्यांनी तोंड दाखवलं नाही. पडद्यावर दोन गुडघे होते, एक दुसऱ्यापेक्षा बारीक, आणि दोन्ही थरथरत होते. हल्ली मी एकही सकाळ चुकवत नाही. इवायांचा धाक आता मला उरलेला नाही. पण नात मोठी होईल, भातुकली मांडील आणि आम्हा दोघांना खाली बसायला बोलावील. त्या दिवशी इवायांना धरून उठायला एक खांदा लागेल, आणि तो माझा असावा असं मला फार वाटतं.