बासरीवरचे इफेक्ट
तापलेल्या कॉम्प्युटरवरच्या धुळीचा वास आला की मला विजय नगरमधला, भिंतींना गाद्या ठोकलेला तो छोटा स्टुडिओ आठवतो. एका भजनासाठी मी तिथे आठवडाभर कॉम्प्युटरमधली वाद्यं जुळवत बसले होते. मिक्सरमध्ये तबला, तानपुरा, बासरी, प्रत्येकाला वेगळा चॅनल दिला. बासरीला इफेक्ट रॅकमधून, म्हणजे आवाजावर संस्कार करणाऱ्या खणातून, घुमारा दिला, थोडा श्वास दिला, तेव्हा कुठे ती पिपाणीसारखी वाजायची थांबली. ते ऐकताना भजन गाणाऱ्या बाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात स्टुडिओचे मालक आठवडाभर कशालाच हात न लावलेल्या आपल्या भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून बाईंना म्हणाले, "सब इसका कमाल है. दीदी ने तो बस बटन दबाए." माझं अंग पेटलं. मी रॅकमधले सगळे इफेक्ट काढून टाकले. बासरीची पुन्हा पिपाणी झाली. "अच्छा, अब भैया से बनवा लीजिए," असं म्हणून मी उठले. भाचा खाली बघत राहिला. ते भजन पुढे कसं निघालं, मी ऐकलंच नाही. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवताजेवता म्हणाला, "काहून एवढी चिडून राहिली? जाऊ दे ना." मालकांवरचा राग कधीच ओसरला, त्या 'जाऊ दे'चा मात्र आजही येतो.