कौतिकाबाईच्या पाकळ्या

अकोल्याच्या जुन्या शहरात हार ओवणारी कौतिकाबाई गळालेल्या पाकळ्याही टाकत नाही. सुपात निवडून ठेवते आणि लग्नात उधळायला विकते. त्यावरच तिने देवानंदला इंजिनिअर केलं. आता हा शहाणा घर नवं करतोय. भिंतीत नळ्या टाकून सगळ्या घराचा केर एकाच मशीनने ओढायचा, हे त्याने आईला न विचारताच ठरवलं.

विक्रेता नमुन्याचं मशीन घेऊन आला. देवानंदने सुपाकडे बोट दाखवलं. "हा कचरा ओढून दाखवा."

क्षणात सूप रिकामं झालं.

कौतिकाबाई उठली. विक्रेत्याच्या हातातली नळी तिने देवानंदच्या छातीला लावली.

"कचरा ओढते म्हंता ना, भाऊ? मंग पयले याले ओढा."