पोट चोळणारी बाई यायच्या आत

भूतबित मी मानत नाही. उरवडेच्या कंपनीत क्वालिटीला आहे, मोजून दाखवल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. तरी हे लिहितेय... कारण घरात आता कुणाशी बोलावंसंच वाटत नाही.

भुकूमला माझं सासर. गेल्या वर्षी, रविवारी, सकाळी अकराची वेळ. आदल्या दिवसापासून बेंबीभोवती दुखत होतं. गॅस असेल म्हणून ओवा खाल्ला. मग दुखणं उजवीकडे खाली गेलं, दोन उलट्या झाल्या, अंगात ताप. सासूबाई म्हणाल्या, "बेंबी सरकलीया. चोळली की येती जाग्यावर. दवाखाना कशाला लगीच?" आणि पोट चोळणाऱ्या बाईला आणायला आमच्या ह्यांना पाठवलं. हे निमूट गेले.

मी ओसरीवर कण्हत पडलेली. पायरीवर एक मुलगी येऊन बसली. विशीची, दोन वेण्या, डाव्या भुवईवर जुन्या खोकेची खूण. शेजारी कुणाची पाहुणी असेल म्हटलं.

"वैनी, उजवीकडं दुखतंय न्हवं? चोळू देऊ नका. मला चोळलं, घडीभर लई बरं वाटलं... मग पोट दगडावानी झालं. दवाखान्यात जावा. आत्ताच."

सासूबाईंना हाक मारून वळले, तर पायरी रिकामी! अशी घाबरले म्हणता... कंपनीतल्या मैत्रिणीला फोन केला आणि तिच्या गाडीतून थेट दवाखाना गाठला. सासूबाई फाटकापर्यंत बडबडत आल्या.

अपेंडिक्स — फुटायच्या बेतात. डॉक्टर म्हणाले, "दुखणं बेंबीपासून उजवीकडे गेलं, सोबत ताप-उलटी, की घरी थांबायचं नाही. आणि चोळायचं तर अजिबात नाही."

ऑपरेशननंतर ह्यांना त्या मुलीबद्दल सांगितलं. भुवईवरची खूण म्हणताच ह्यांच्या तोंडून निघालं, "सुमी..."

सुमी म्हणजे ह्यांची बहीण. आमच्या लग्नाआधीच साप चावून गेली, असं सगळ्यांनी मला सांगितलेलं. घरात तिचा फोटोसुद्धा नाही.

"साप न्हवता," हे म्हणाले. "तिचंबी पोटच दुखत हुतं. आईनं त्याच बाईकडनं चोळून घेतलं."

"आणि तरी त्याच बाईला आणायला गेलास?" आयुष्यात पहिल्यांदा मी अहो-जाहो सोडलं.

"आईला काय वाटलं असतं..."

अरे, मी मेले असते! नऊ वर्षांचा संसार, आणि ह्याला सगळं माहीत होतं.

तापात भास होतात म्हणे. पण कधी न पाहिलेली खूण भासात कशी दिसेल? मला अजून कळलेलं नाही. टाके केव्हाच सुकले. तो म्हणतो, विसर आता. त्या दिवशी मी गेले असते, तर दुसरीला ह्यानं सांगितलं असतं — पहिलीला साप चावला.